वाडा कुणाचा? कोल्हापूरच्या जुन्या गल्लीतली मालकी समजून घेताना

जुन्या कोल्हापुरात, म्हणजे शिवाजी पेठेत, शुक्रवारात किंवा महाद्वार रोडच्या आतल्या गल्ल्यांत, पत्ता विचारला तर अजूनही उत्तर वाड्याच्या नावानं मिळतं. "सरकारांच्या वाड्यावरनं सरळ जावा, आड लागला की उजवीकडं." त्या वाड्यात सरकारांच्या घरातलं कुणी कित्येक वर्षांत राहिलेलं नसतं. पुढच्या सोप्यात, म्हणजे ओसरीत, शिलाईचं दुकान असतं, माडीवर दोन बिऱ्हाडं असतात आणि परड्याच्या जागेवर तिसऱ्याच आडनावाच्या माणसाची तीन मजली इमारत उभी असते. घरफाळ्याची पावती चौथ्याच नावानं येते.

मग या वाड्याचा मालक कोण? एका नावात उत्तर द्यायला गेलं की भांडण ठरलेलं. कारण आपण मालक म्हणतो तेव्हा त्यात चार वेगळे प्रश्न एकत्र झालेले असतात: जागा मुळात कुणी कुणाला दिली, इमारत कुणी बांधली, सरकारदप्तरी नाव कुणाचं आहे आणि आज ताबा कुणाचा आहे. नव्या फ्लॅटमध्ये या चारही प्रश्नांना बहुतेक एकच उत्तर असतं. दोनशे वर्षं जुन्या वाड्यात चार उत्तरं असू शकतात, आणि कायद्याच्या नजरेनं चारही खरी असू शकतात. म्हणून हे प्रश्न एकेक करून, ज्या क्रमानं ते घडत गेले त्या क्रमानं पाहू.

घरं इथंच का झाली

अंबाबाईचं देऊळ राजधानीपेक्षा कितीतरी जुनं. देवळाभोवती पुजारी, जोशी, फुलवाले, सोनार, कासार यांची वस्ती आधीपासून होती. राजधानी मात्र नंतर आली. ताराराणींनी १७१० च्या सुमारास गादी स्थापन केली ती पन्हाळ्यावर. १७३१ च्या वारणेच्या तहानं सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्यं रीतसर वेगळी झाली. पन्हाळ्यावरून कारभार खाली कोल्हापुरात यायला १७८२ साल उजाडलं. त्यानंतर जुना राजवाडा आणि भवानी मंडप हे शहराचं दुसरं केंद्र झालं. देऊळ आणि राजवाडा एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे जुन्या गल्ल्यांतली मोक्याची जागा म्हणजे या दोहोंपासून पायी जाण्याच्या अंतरावरची जागा.

दरबाराशी बांधलेली घराणी मोठी होती. विशाळगडचे पंतप्रतिनिधी, बावड्याचे पंत अमात्य, कागलचे घाटगे, कापशीचे सेनापती घोरपडे, इचलकरंजीचे घोरपडे, तोरगलचे शिंदे, हिंमतबहाद्दर चव्हाण, सरलष्कर. यांची मूळ ठाणी शहराबाहेर, काहींची तर बरीच लांब. पण दसऱ्याच्या दरबाराला, राजवाड्यातल्या लग्नकार्याला, वारसाहक्काच्या कज्ज्याला हजर राहायचं तर राजधानीत उतरायची सोय हवी. त्यातून शहरात वाडे आले. मालक वर्षातले बरेच महिने गावी आणि वाड्यात कारकून, पागेवाले, एखादी विधवा आत्या, असं चित्र असणं यात नवल नव्हतं. म्हणजे 'मालक एकीकडे आणि राहणारे दुसरीकडे' ही गोष्ट आजची नाही, वाड्याच्या जन्मापासूनची आहे.

या बड्या घराण्यांच्या खालोखाल कारभारी वर्ग. सबनीस, पोतनीस, फडणीस, चिटणीस, जामदार, सरनोबत ही आडनावं म्हणजे मुळातले हुद्देच. त्यांची घरं लहान, पण राजवाड्याला अधिक जवळ, कारण त्यांना रोज कामावर जायचं असे.

शहराला तट होता. गंगावेश, रंकाळा वेश, वरुणतीर्थ वेश ही नावं आपण रिक्षावाल्याला सहज सांगतो, ती त्या तटाच्या दारांची. बिंदू चौकात तटाचा उरलेला तुकडा आजही पाहता येतो. तटाच्या आत जागा मोजकीच, त्यामुळे रस्त्यावर तोंड अरुंद आणि आत खोलवर लांबच लांब घर, अशी आखणी झाली. दोन घरांत एकच सामाईक भिंत. ही सामाईक भिंत पुढे किती डोकेदुखी ठरते ते खाली येईलच.

सनदेत नेमकं काय मिळायचं

इथं बहुतेकांचा गोंधळ होतो. 'आमच्या पूर्वजांना महाराजांनी अमुक गावं दिली' असं घरोघरी सांगितलं जातं. सनदेनं मिळायचा तो बहुतेक वेळा त्या गावांचा महसूल घेण्याचा हक्क. गावातली शेतं कसणाऱ्यांच्या वहिवाटीत राहायची. त्या महसुलाच्या बदल्यात घोडेस्वार बाळगायचे, चाकरी करायची, ही जहागीर किंवा सरंजाम. गावकामाबद्दल पिढीजात मिळे ते वतन. चाकरीची अट नसताना, धर्मकार्यासाठी किंवा मेहेरबानी म्हणून मिळे ते इनाम.

शहरातला वाडा या तिन्हींपासून जरा वेगळा. कधी घरजागा सनदेनं मिळालेली असे, कधी विकत घेतलेली, कधी दरबारनंच राहायला दिलेली. पण वाडा चालायचा तो गावाकडच्या महसुलावर. कौलं बदलायची, वाळवी लागलेला खांब काढून नवा घालायचा, पागेला वैरण आणायची, हा खर्च वाड्यातून निघत नव्हता. पुढे काय झालं ते समजायला एवढी गोष्ट लक्षात असली म्हणजे पुरे.

जहागिरीचा दुसरा नियम वारसाचा. साधी मिळकत भावाभावांत वाटली जाते, जहागीर सहसा वाटली जात नसे. थोरल्याकडे गादी, धाकट्यांना पोटगी आणि राहायला वाड्याचा एखादा भाग. काही घराण्यांत मात्र थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन शाखा स्वतंत्र मानल्या गेल्या, कागल हे त्याचं ठळक उदाहरण. मूल नसेल तर दत्तक, आणि जहागिरीसाठी दत्तक घ्यायचा तर दरबारची मंजुरी आणि नजराणा. खुद्द शाहू महाराज कागलच्या थोरल्या पातीतले. जन्म २६ जून १८७४ चा, कसबा बावड्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसमध्ये, नाव यशवंतराव. १८८४ मध्ये ते करवीरच्या गादीला दत्तक आले आणि १८९४ मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला. जन्मघर एका घराण्याचं आणि वारसा दुसऱ्या, हे आपल्या शहरात राजघराण्यापासून गल्लीतल्या लहान घरापर्यंत सर्रास दिसतं. म्हणूनच वंशावळ हातात न घेता वाड्याच्या मालकीवर बोलणाऱ्याचं मी फार मनावर घेत नाही.

भिंतींतून कळणारा मालक

कागद नसले तरी घर बरंच बोलतं. जुन्या दस्तांत घराचं माप चौरस फुटांत सापडत नाही, खणांत सापडतं. दोन तुळयांच्या मधली जागा म्हणजे एक खण. तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या, असा तो कडीपाट. कडीची लांबी ठरलेली, त्यामुळे खण मनमानी रुंद करता येत नाही. घर वाढवायचं तर खण वाढवायचे, म्हणजे आणखी खांब, आणखी तुळया, आणखी सागवान. तीन खणी घर आणि नऊ खणी घर यातला फरक सरळ पैशातला होता.

दुसरी खूण देवडी. मोठा दरवाजा, त्यात वाकून जाण्याजोगा दिंडी दरवाजा आणि आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांना बसायला ओटे, असं असेल तर मालकाकडे शिबंदी, म्हणजे पदरी शिपाई होते. थेट सोपा लागत असेल तर घर कारकुनाचं, भिक्षुकाचं किंवा व्यापाऱ्याचं. सोप्याला रस्त्याकडून फळ्या काढता घालता येत असतील तर तिथं दुकान किंवा कारागिरी चाले. आत चौक, चौकाभोवती माजघर आणि देवघर, मागं न्हाणी, परडं आणि आड. मोठ्या वाड्यात दोन चौक: पुढचा पुरुषांच्या आणि कचेरीच्या वावराचा, मागचा बायकांचा. पुढच्या चौकातले खांब कोरीव आणि मागच्यातले साधे, हे पाहिलं की खर्च कुठं झाला आणि कुणासाठी झाला तेही दिसतं. मागच्या चौकात ज्यांचं आयुष्य गेलं त्या बायकांची नावं कागदांवर क्वचितच येतात. त्या कशा आल्या, तेही पुढे सांगतो.

जोतं काळ्या घडीव दगडाचं, वरच्या भिंती मातीच्या आणि आत लाकडाचा सांगाडा. वजन सांगाड्यावर, भिंत फक्त आडोशाला. त्यामुळे एखादी भिंत ढासळली तरी छप्पर उभं राहू शकतं, आणि उलट, भिंत धडधाकट दिसत असताना आतल्या खांबाचा पाय कुजून छप्पर खाली येऊ शकतं. मातीच्या भिंतीला चुन्याचा गिलावा हवा, कारण तो ओल बाहेर जाऊ देतो. आपण हौसेनं सिमेंट लावतो. मग ओल आत कोंडते, खांबाला वाळवी लागते, आणि दोष मात्र जुन्या बांधकामावर जातो. कोल्हापुरातले कितीतरी सोपे असेच गेले आहेत आणि ते पाहताना जीव तुटतो.

तटाबाहेरचं शहर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मालकांची जातकुळी बदलू लागली. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे आली, १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली आणि गुळाचा व्यापार तिकडे गेला. प्लेगच्या वर्षांत दाट पेठांतून बाहेर मोकळ्या जागी राहायला जाण्याची सवय लोकांना लागली. २६ जुलै १९०२ च्या आदेशानं संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या. १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं रद्द होऊन तलाठी आले. पगारदार नोकरी आणि व्यापार करणारा नवा घरमालक पुढे आला, आणि पुढच्या काळात सरदार मंडळींतल्या अनेकांनी नागाळा पार्क, ताराबाई पार्ककडे बंगले बांधले. पेठेतला वाडा भाड्यानं द्यायची सुरुवात त्यातूनच झाली.

उत्पन्न गेलं, घर राहिलं

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पुढच्या दहा वर्षांत लागोपाठ कायदे आले: १९५० चा परगणे व कुलकर्णी वतनं रद्द करणारा, १९५२ चा खासगी इनामं रद्द करणारा, १९५३ चा विलीन प्रदेशातल्या जहागिरी रद्द करणारा. १९४८ च्या कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. मला हे कायदे न्याय्य वाटतात. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसली त्यांना ती मिळायलाच हवी होती.

पण वाड्यांच्या दृष्टीनं परिणाम काय झाला तो नीट समजून घेतला पाहिजे. या कायद्यांचा रोख जमिनीवर आणि महसुलाच्या हक्कांवर होता, राहत्या घरावर नव्हता. वाडा घराण्याकडेच राहिला. ज्या पैशावर तो उभा होता तो मात्र थांबला. नऊ खणी, दोन चौकी घराची डागडुजी आता शाळामास्तराच्या किंवा बँकेतल्या कारकुनाच्या पगारातून करायची होती. साहजिकच एकेक खोली भाड्यानं गेली.

आणि तिथं दुसरा कायदा उभा होता. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडं गोठवलं. १ सप्टेंबर १९४० रोजी जागा ज्या भाड्यानं दिलेली होती ते, किंवा नंतर दिली असेल तर पहिल्यांदा दिली तेव्हाचं, हेच 'प्रमाण भाडं'. हेतू चांगला होता. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना रस्त्यावर यायला लागू नये. पण महागाई वाढत राहिली आणि भाडं जागच्या जागी. भाडेकरू वारला तर सोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू होतो, त्यामुळे ताबाही पिढीजात झाला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे गोठवणं आता वाजवी राहिलेलं नाही असं म्हटलं. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. मूळ आकडा पंधरा-वीस रुपयांचा असेल तर चार टक्के म्हणजे किती, हे सांगायला नको. कौलाचा एक फेरा फिरवायला लागणारी मजुरी त्या भाड्यातून दहा वर्षांतही निघत नाही. मालक दुरुस्ती करत नाही म्हणून भाडेकरू नाराज, भाडेकरू सोडत नाही म्हणून मालक नाराज, आणि मध्ये वाडा झिजतो. यात कुणी एक खलनायक शोधणं मला चुकीचं वाटतं. दोघांचंही गणित खरं आहे.

मिळकत पत्रिका कशी वाचायची

आता कागद. शेतजमिनीला सातबारा असतो तशी शहरातल्या मिळकतीला मिळकत पत्रिका, म्हणजे आपलं प्रॉपर्टी कार्ड. ते नगर भूमापन कार्यालयातून मिळतं आणि आता ऑनलाइनही काढता येतं. समजा असं एक कार्ड तुमच्या हातात आहे.

वरच्या ओळीत नगर भूमापन क्रमांक असतो, रोजच्या बोलण्यातला सि.स.नं. त्याच्या शेजारी शिट नंबर, क्षेत्र चौरस मीटरमध्ये, आणि धारणाधिकार, म्हणजे जागा कोणत्या प्रकारच्या हक्कानं धरलेली आहे ते. पहिलं काम करायचं ते क्रमांकाकडे बघण्याचं. क्रमांकाच्या पुढे तिरकी रेघ देऊन १, २ किंवा अ, ब, क असेल तर मूळ मिळकतीचे तुकडे झालेले आहेत. शेजारच्या चार घरांचे क्रमांक एकाच आकड्याचे अ, ब, क, ड निघाले तर ती चारही घरं कधीकाळी एकच वाडा होती, हे गल्लीत कुणालाही न विचारता कळतं.

त्याखाली 'सुविधाधिकार' असा रकाना असतो. तो बहुतेक जण वाचतच नाहीत आणि मला तो कार्डातला सर्वांत जिवंत भाग वाटतो. शेजाऱ्याला या घराच्या बोळातून परड्यात जायचा हक्क, त्याच्या न्हाणीचं पाणी या बाजूनं वाहून न्यायचा हक्क, आडावर पाणी भरायचा हक्क, खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा हक्क. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्कानं केलेला वापर असा अधिकार निर्माण करू शकतो. जुनी गल्ली या रकान्यावर उभी आहे. आड बुजला, बोळावर स्लॅब पडला, तरी कार्डावरची ओळ आपोआप पुसली जात नाही.

मग येतो 'हक्काचा मूळ धारक'. इथं सर्वांत मोठी फसगत होते. हे नाव वाडा बांधणाऱ्याचं आहे असं लोक समजतात. ते नाव नगर भूमापनाची चौकशी झाली त्या वेळी धारक म्हणून ज्याची नोंद झाली त्याचं. वाडा दोनशे वर्षांचा असला तरी मूळ धारक चौकशीच्या सालचाच. त्याआधीचं सगळं या कागदाच्या मागे राहतं.

नावापुढे कधी 'ए.कु.मॅ.' लिहिलेलं असतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ही तीन अक्षरं फार महत्त्वाची. याचा अर्थ तो माणूस एकटा मालक नव्हता, साऱ्या कुटुंबाच्या वतीनं त्याचं नाव लागलं होतं. त्याच्या नातवानं 'आजोबांच्या एकट्याच्या नावावर होतं' असं सांगितलं तर ही अक्षरं दाखवावीत. 'अ.पा.क.' असेल तर मूळ नावाचा माणूस तेव्हा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन होता आणि पुढचं नाव पालनकर्त्याचं, बहुतेकदा आईचं.

त्याखाली तक्ता: दिनांक, व्यवहार, खंड क्रमांक, नवीन धारक किंवा भार (म्हणजे गहाणासारखा बोजा), आणि साक्षांकन. मृत्यू, वारस, वाटणी, खरेदी, बक्षीसपत्र, गहाण, कोर्टाचा हुकूम, सगळं इथं तारखेनिशी. वाचताना तारखांमधली पोकळी बघायची. तीस वर्षांत एकही नोंद नाही आणि मग एकाच दिवशी चौदा वारसांची नावं लागली, तर समजायचं की मधल्या काळात कुणी कागद केले नाहीत आणि आता बहुधा विक्रीची बोलणी चालू आहेत.

कार्डावर नाव आहे म्हणजे मालकी पक्की, असंही नाही. महसूल संहितेप्रमाणे नोंद खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. मालकी शेवटी खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा किंवा कोर्टाचा निवाडा यांवर ठरते. घरफाळ्याची पावती तर कर भरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नव्हे.

काही कार्डांवर माणसाचं नावच नसतं, देवाचं असतं. कायद्यानं देवता ही व्यक्ती मानली जाते, ती मिळकत धारण करू शकते. देवस्थान इनामं खासगी इनामांबरोबर रद्द झाली नाहीत. त्यामुळे पेठेत असं घर सापडतं की भिंती, कौलं, संसार एका कुटुंबाचा आणि खालची जागा देवाची. ती परवानगीशिवाय विकता येत नाही. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीचं कार्यालय कोल्हापुरातच आहे, आणि अशा जागेचा प्रश्न असेल तर तिथं विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

लेकींचा वाटा

मागच्या चौकातल्या बायका कागदावर कशा आल्या, ती गोष्ट आता. जुन्या हिंदू कायद्यात विधवेला मिळकत मिळे ती हयातीपुरती, विकायचा अधिकार जवळजवळ नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ नं ती पूर्ण मालकीची केली. मुलीही वारस झाल्या. पण त्याच कायद्यात कलम २३ होतं: राहत्या घरात पुरुष वारस राहत असतील तर ते स्वतः वाटणी करेपर्यंत लेकीला वाटणी मागता येत नव्हती. वाड्यांपुरतं बोलायचं तर या एका कलमानं कितीतरी वाडे अर्धशतक अखंड ठेवले आणि कितीतरी बहिणींना ताटकळत ठेवलं.

महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो सगळ्या मुलींना मिळाला आणि कलम २३ गेलं. वडील २००५ मध्ये हयात असायलाच हवेत का, हा वाद ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं मिटवला: गरज नाही, हक्क जन्मानं आहे. तेव्हापासून जुन्या वाड्याचे कागद करताना आत्या आणि बहिणींच्या सह्या लागतातच. हक्कसोडपत्रावर सही घ्यायला मंडळी दिवाळीला माहेरी आलेल्या बहिणीपुढे कागद ठेवतात. तिला तो वाचून दाखवावा, तिच्या वाट्याची किंमत सांगावी आणि मग ती काय ते ठरवू दे. घाईनं घेतलेल्या सह्यांचे दावे मागाहून वर्षानुवर्षं चालतात.

एखाद्या भावानं आपला हिस्सा बाहेरच्याला विकला तर? विकता येतो. पण एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात त्या बाहेरच्याला सोबत ताबा मागता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ तसं सांगतं. त्यानं वाटणीचा दावा लावला तर १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे घरचे लोक तो हिस्सा कोर्टानं ठरवलेल्या किमतीला घेऊ शकतात. ही तरतूद माहीत नसल्यामुळे लोक घाबरून सगळाच वाडा बिल्डरला देऊन मोकळे होतात.

नोटीस येते तेव्हा

पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये पुन्हा तसंच. नदीकडच्या पेठांतल्या मातीच्या भिंती कित्येक दिवस पाण्यात उभ्या राहिल्या. अशी भिंत पूर असताना सहसा पडत नाही, पाणी उतरून ती वाळू लागली की पडते.

दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम २६४ खाली नोटिसा काढते. सी-१ म्हणजे तातडीनं रिकामी करून पाडायची, सी-२ मध्ये मोठी दुरुस्ती, सी-३ मध्ये किरकोळ. भाडेकरूंनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: इमारत उतरवण्याआधी कुणाकडे किती क्षेत्र ताब्यात आहे याची नोंद व्हायला हवी. भिंत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप पडत नाही. सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्यालाही आधी कळवावं, कारण एका घराचा सांगाडा काढला की दुसऱ्याचा आधार जातो.

वारसा यादीतल्या इमारतींचा प्रश्न वेगळा. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या बांधकामाच्या एकत्रिकृत नियमावलीत वारसा वास्तूंच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत जवळपास काही बदलता येत नाही, तिसरीत आतून बरंच करता येतं. पण श्रेणी लागल्यानं मालकी जात नाही, आणि दुरुस्तीचे पैसेही सहसा मिळत नाहीत. म्हणून यादीत नाव आलं की घरमालक धास्तावतो. वारसा जपायचा असेल तर या खर्चाचा वाटा समाजानं उचलला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. नुसत्या बंधनावर वाडे टिकणार नाहीत.

आपल्या गल्लीचं काम हाती घ्यायचं तर

सुरुवात कार्डापासून करावी, मूळ धारकापर्यंत मागे जावं. नगर भूमापन कार्यालयात चौकशी नोंदवहीचा उतारा मागावा. कार्डावरचं एका ओळीचं नाव तिथं कधी दोन पानांच्या तंट्यासह सापडतं. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले दस्त शोधता येतात. त्याच्या मागचं काम कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात, आणि तिथले कागद मोडीत. घरच्या पेटीतही मोडी रुमाल असतील तर ते आधी वाचणाऱ्याला दाखवावेत. लॅमिनेशन मात्र करू नये, कागद कायमचा खराब होतो. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, जुनी संस्थानी प्रकाशनं चाळायला तिथं जावं.

कागदांसोबत माणसंही हवीत. गल्लीतल्या ज्या म्हाताऱ्या सून म्हणून सत्तरच्या दशकात आल्या, त्यांना कोणत्या खोलीत कुणाचं बिऱ्हाड होतं, आड कधी बुजवला, मधली भिंत कुणी घातली हे बिनचूक आठवतं. तारीख त्या लग्न-बारशांवरून सांगतात, ती कार्डाच्या तक्त्याशी ताडून घ्यावी. आणि घराचं मोजमाप आणि फोटो नोटीस येण्याआधीच करून ठेवावेत: किती खण, किती चौक, सामाईक भिंत कोणती, बोळ किती रुंद, कोणत्या खांबाचा पाय कुजला आहे. उन्हाळ्यात ओल नसते, कौलं फिरवायला माणूस वर चढलेला असतो, त्याच वेळी कडीपाटही खालून आणि वरून तपासून घेता येतो.